चिमणी बसली आहे

बायकोला न सांगता माणसानं घरात काहीही आणू नये, मग ते तिच्याच भल्याचं का असेना. हे मला या वयात कळलं, म्हणजे वेळेवरच कळलं म्हणायचं. कारण कुठलीही गोष्ट मला साधारण याच सुमाराला कळते.

झालं असं, की आमची ही खोकायला लागली. आमच्या स्वयंपाकघरात लोखंडी चूल आहे. तिचं धुराडं भिंतीतून बाहेर गेलेलं, जाड नळीचं. इतकी वर्षं त्यानं मुकाट्यानं धूर बाहेर नेला. पण मध्येच हिनं चूल पेटवायची सोडली आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी मांडली. का, तर म्हणे धुराडं ओढत नाही. मग शेगडीचा सगळा धूर घरात आणि हिच्या छातीत.

मी म्हणालो, "तुंबलं असेल. बाहेरून काठी घालून साफ करून देतो."

"काठीला हात लावायचा नाही!" ती एवढ्यानं ओरडली, की त्या ओरडण्याची उबळ दुपारपर्यंत पुरली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. (आजारी कुणीही असो, डॉक्टर रागावतात ते माझ्यावर.) म्हणाल्या, "धूर आजच्या आज बंद करा, आजोबा. नाहीतर हा खोकला जन्माचा सोबती होईल."

जन्माचा सोबती म्हणून मी होतो की. आणखी एकाची जागा कुठे होती?

ती खोकायला लागली की मी बोलायचं थांबतो. खोकला संपेपर्यंत माझाही श्वास कुठेतरी अडकून राहतो, आणि संपला की दोघांचा एकदम सुटतो. एवढ्या वर्षांनी माणसांचे श्वासही एकमेकांना बांधले जात असावेत. मला नक्की सांगता यायचं नाही. मी शाळेत जन्म काढला खरा, पण घंटा वाजवायला.

तर मी गुपचूप बाजारात गेलो आणि गॅसची नवी शेगडी आणि तिच्यावर लावायची विजेची चिमणी ठरवून आलो. चिमणी बसवणारा फिटर आडव्या अंगाचा, उभ्या स्वभावाचा. म्हणाला, "जुनं धुराडं उपटायचं आणि त्याच भोकातून नवा पाइप काढायचा. चुटकीसरशी काम. निघण्याआधी फोन करतो." मला वाटलं, हिला अचानक दाखवू. तिचे डोळे भरून येतील. (धुराशिवाय.)

फोन आला तेव्हा मी पडवीत दाढी करत होतो. वस्तरा नेमका गळ्यावर होता. आमच्या लेकीनं सासरी जाताना फोनचा भोंगा कायमचा चालू करून ठेवलाय, त्यामुळे आमच्या घरातला फोन आम्हालाच काय, गल्लीलाही ऐकू येतो. फोन हिनं उचलला.

"आजी, आजोबांनी सांगितलं होतं, चिमणी बसवायचीये ना?"

"बसवायची कशाला? ती बसलीये." मग आवाज एकदम खाली. "पण यांना कळलं कसं?"

"बसलीये? अहो, काम मी घेतलंय! कोण आलं होतं?"

"दोघं आली होती. आधी चारदा येऊन जागा बघून गेली."

"दोघं? बघा, मी सरळ माणूस, एकदाच येतो. सामान तरी चांगलं वापरलं का?"

"काड्या, कापूस आणि माझ्या केरसुणीचे चार हीर."

"आवाज करते का?"

"उजाडल्यापासून. चिवचिव, चिवचिव."

"म्हणजे पंखा घासतोय."

"पंख अजून फुटायचेत हो!"

"फुटेपर्यंत थांबू नका, आजी! हात लावू नका, मी निघालोच!" आणि फोन बंद.

मी अर्ध्या दाढीनं बसून राहिलो. (दुसरी अर्धी तशीच राहिली. पुढच्या सगळ्या प्रसंगात मी तसाच होतो, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.) मला एवढंच कळलं, की माझ्या माघारी दोन परके लोक चारदा घरात येऊन गेले आणि हिनं चकार शब्द काढला नाही. मी आत जाऊन म्हणालो, "अगं, ती दोघं कोण?"

"तुम्ही आधी सांगा, हा कोण?"

एवढ्यात फिटर पायऱ्या चढून आत आला. एका हातात नवा पाइप, दुसऱ्या हातात भोकं पाडायचं यंत्र. "कुठंय ती दुसऱ्याची चिमणी? बघू तरी कशी बसवलीये!" म्हणत तो चुलीकडे निघाला. ही उलथनं घेऊन धुराड्यापुढे उभी राहिली.

"खबरदार! ती अंड्यांवर बसली होती. आता पिल्लं आहेत."

फिटरनं माझ्याकडे पाहिलं, मी फिटरकडे. मग त्यानं सामान खाली ठेवलं आणि धुराड्याला कान लावला. मीही लावला, दाढी न केलेल्या बाजूचा. आत खरंच चिवचिव चालली होती, बारीक आणि घाईची.

मला चिमणीचं कळलं आणि शेगडीचंही कळलं. मी हळूच विचारलं, "एवढ्यासाठी तू धूर खात होतीस? मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काठी घेऊन तयारच असता." मग ती उलथन्याकडे बघत म्हणाली, "एक चिमणी आपण हसत हसत सासरी पाठवली. घर किती गप्प झालं ते तुम्हीच सांगत होता. आता ही आपणहून आली, तिला हुसकून लावू? पिल्लं उडेपर्यंत खोकेन मी. काय बिघडतं?"

"माझं बिघडतं," मी म्हणालो. एवढं सरळ मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिनं उलथनं खाली ठेवलं.

फिटर म्हणाला, "दुसरं भोक पाडता येईल, आजोबा. पण मोकळी भिंत एकच आहे. पलीकडे काय आहे?"

पलीकडे पडवीत माझा बाक आहे. नोकरी सुटल्यापासून मी त्यावर बसतो. तिथून रस्ता दिसतो, येणारा-जाणारा हाक मारतो. माझा सगळा दिवस त्या बाकावर मावतो. स्वयंपाकघराची वाफ, फोडणी, करपलेलं सगळं यापुढे बरोबर माझ्या डोक्यावर येणार होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "पाडा भोक."

चिमणी बसली. शेगडी बसली. कोळशाची शेगडी अडगळीत गेली आणि बाक मी जड मनानं भिंतीला टेकवून उभा केला. ही बघत होती.

पिल्लं उडाली, त्यानंतर फिटर एकदा सहज डोकावला. कामाचं निमित्त होतं, पण पहिला कान त्यानं धुराड्यालाच लावला. मग विचारलं, "काय आजी, सगळं नीट बसलं ना?"

"तुमची चिमणी बसली. माझी तर पुन्हा काड्या घेऊन आलीये," ही म्हणाली. "आता हे तेवढे राहिलेत. दिवसभर पायात पायात येतात. यांना कुठे बसवायचं ते बघा जरा."

आणि ती हसायला लागली. मी सवयीनं श्वास धरून उबळीची वाट पाहिली. ती हसत राहिली, हसू संपलं, तिनं पदरानं डोळे पुसले, तरी खोकला आला नाही. मग मीही श्वास सोडला आणि त्या आनंदात फिटरपुढे ताठ उभा राहून म्हणालो, "घ्या माप!"

फिटरनं मापाची टेप काढली, मला टाळूपासून तळव्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि टेप परत खिशात टाकली.

"माफ करा, आजी," तो म्हणाला. "एवढा जुना माल आम्ही बसवत नाही."