चार पत्ते आणि सासऱ्यांचा खडा

आमच्या प्रयोगशाळेचा सर्व्हर मी डोळे मिटून चालवू शकतो, असं मी आजवर निदान शंभर जणांना सांगितलं असेल. त्यातले पन्नास तर सासरचेच!

आमच्याकडे रक्त तपासतात. म्हणजे तपासतात इतर मंडळी. ज्या सर्व्हरवरून रिपोर्ट हॉस्पिटलला जातात, तो मी सांभाळतो. सात वर्षं झाली, एकही रिपोर्ट अडला नव्हता. या सर्व्हरला तीन पत्ते होते. पत्ते म्हणजे मधे ठिपके असलेले ते आकडे. त्या दिवशी सकाळी, नव्या वेबसाइटसाठी चौथा आला. तो मी यादीत शेवटी लिहिला आणि अस्वस्थ झालो. आकडा सगळ्यांत लहान आणि जागा सगळ्यांत खाली! असला पसारा मला बघवत नाही. घरी मी डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावतो. बायकोला मग साखर सापडत नाही, तो भाग वेगळा. मी चारही पत्ते चढत्या क्रमाने लावले, सर्व्हर बंद करून चालू केला, चारही पत्त्यांवरून आत शिरून पाहिलं. सगळं झकास. खुशीत चहा घ्यायला गेलो.

नऊ वाजता बायकोचा फोन आला. अकरा वाजता सासऱ्यांच्या पित्ताशयातल्या खड्याचं ऑपरेशन होतं आणि त्यांचा रिपोर्ट हॉस्पिटलला मिळाला नव्हता. रक्त मुद्दाम आमच्याकडे तपासलेलं, कारण जावई घरचा! छापील कागद तिथे चालत नाही. मागे एकदा दोन पेशंटांच्या कागदांची अदलाबदल झाली होती म्हणे. रिपोर्ट त्यांच्या संगणकात दिसला तरच सुरी हातात घ्यायची, असा सर्जनबाईंचा नियम. आणि बाई दुपारीच तीन आठवड्यांच्या रजेवर निघालेल्या. सासरे आदल्या रात्रीपासून उपाशी होते, आणि कळा थांबत नव्हत्या.

"आपला सर्व्हर ठणठणीत आहे," मी सांगितलं. "घोळ तिकडचाच."

मग हॉस्पिटलच्या संगणकवाल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तुमच्याकडून काहीच आलेलं नाही. कुणीतरी अनोळखी मात्र सकाळपासून सारखं दार ठोठावतंय, आम्ही त्याला आत घेत नाही. मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. अजिबात घेऊ नका, म्हटलं, हल्ली चोर फार झालेत. त्याला कायमचाच बंद करून टाका. त्यांनी माझ्यादेखत, म्हणजे फोनवर माझ्या कानादेखत, त्याला कायमचा बंद केला. मला फार समाधान वाटलं.

सव्वादहा वाजता बायकोचा फोन पुन्हा आला. मी तिला सकाळचा नवा पत्ता आणि तो चोर, दोन्ही सांगितलं, तेवढ्यात फोन सासऱ्यांनी घेतला. चौतीस वर्षं पोस्टमन होते. आवाज अजूनही दारात उभं राहून हाक मारल्यासारखा.

"जावईबापू, तुमच्या त्या पेटीला पत्ते किती?"

"चार, बाबा."

"म्हणजे चारांपैकी कुठल्याही पत्त्यावर टाकलेलं पत्र तुम्हाला मिळणार. ते ठीक. पण तुम्ही पाठवता, तेव्हा मागे पाठवणाऱ्याचा पत्ता कोणता घालता?"

मी म्हणालो, तो मी घालत नाही, सर्व्हर आपला आपणच निवडतो.

"कशावरून निवडतो?"

सात वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही नाही. यादी उघडली आणि उलगडा झाला. कुणी काही सांगितलं नसेल, तर आमचा सर्व्हर यादीतला पहिला पत्ता घेऊन बाहेर पडतो. पहिला होता आजचा नवा. हॉस्पिटल ओळखत होतं फक्त कालपर्यंत पहिला असलेल्या जुन्याला. दार ठोठावणारा तो चोर मीच होतो, हातात सासऱ्यांचा रिपोर्ट घेऊन!

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते नवल. दिवसाला हजारो वेळा, न विचारता, न चुकता, त्या यंत्राने बरोबर पत्ता उचलला होता. मी ज्याला माझी हुशारी म्हणत होतो, ती एवढीच, की सात वर्षांपूर्वी जुना पत्ता मी सहज पहिल्या ओळीत लिहिला होता. आणि एवढं मोठं कोडं एका उपाशी माणसाने खाटेवर आडवं पडून, स्क्रीन न बघता सोडवलं. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मग जुना पत्ता पुन्हा वर नेला, आणि रिपोर्ट याच पत्त्याने जातील असं या वेळी स्पष्ट लिहून ठेवलं. दहा बेचाळीसला रिपोर्ट पोचला. संगणकवाल्या बाईंनी उलट फोन करून विचारलं, तो चोर अचानक गेला कुठे? मी म्हटलं, बघतो.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी सासऱ्यांच्या खाटेशी बसून मी विचारलं, बाबा, तुम्हाला कळलं कसं?

"न पोचलेलं पत्र हातात आलं, की आधी उलटं करून बघायचं," ते म्हणाले. "कुणाकडून निघालंय ते कळलं, की निम्मं काम झालं."

मी भारावून ऐकत राहिलो. खड्याची बाटली उशाशी होती, शेजारी गोळ्यांची डबी: सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे, पण आतल्या गोळ्या मात्र कशाही, मोठी, लहान, पुन्हा मोठी. ऐकता ऐकता माझा हात आपोआप तिकडे गेला.

सासऱ्यांनी डोळे मिटूनच माझं मनगट धरलं.

"जावईबापू, त्या आहेत तशा राहू द्या."