हात नको, बॅटरी पुरे

प्रमिलाकाकूंना बसमध्ये कुणी उठून जागा दिली, की त्या पुढच्या स्टॉपला उतरतात आणि मागून येणारी बस पकडतात. लंडनच्या हाउन्सलो भागातले लोक पडले सभ्य. त्यामुळे काकूंना हाय स्ट्रीटचा बाजार गाठायला कधीकधी तीन बस लागतात.

"मी काय लोणच्याची बरणी आहे, धरधरून न्यायला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वय एकोणऐंशी, उजवा गुडघा बदललेला, घरात एकट्या. मी समोर राहते, विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात काम करते, आणि पाच वर्षांत त्यांचा हात धरायची माझी प्राज्ञा झालेली नाही. एकदा त्या बर्फावरून घसरल्या. मी उचलायला धावले, तर फुटपाथवरूनच म्हणाल्या, "वृंदा, मी बसलेय."

त्यांचा मुलगा नितीन नॉटिंगहॅमला असतो. जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं. गेल्या वर्षी त्याने आईचं घर विकून तिला आपल्याजवळच्या वृद्धांच्या फ्लॅटमध्ये हलवायचा घाट घातला. त्या दिवशी मी तिथेच होते.

"आई, यू कान्ट मॅनेज अलोन. तुझी गुडघा बघ. तिकडे वॉर्डन असते, बटण दाबली की येते."

"बटण दाबून माणूस बोलवू? मी काय लिफ्ट बोलावतेय?"

समोर टीव्हीवर हत्ती चालले होते, एवढंच निमित्त. काकूंनी पैज मारली. आफ्रिकेच्या जंगलात आठ दिवस तंबूत राहून दाखवते. राहिले, तर घराचं नाव काढायचं नाही. परत पाठवलं, तर मी स्वतः सही करते.

नितीनने गुपचूप मला सोबत जायची गळ घातली. विमानाने जमीन सोडली तशा काकू म्हणाल्या, "हेर म्हणून आलीस ना? बरं झालं, गप्पा होतील. पण हात नको."

केनियातला तो कॅम्प पर्यावरणस्नेही. दिवे सोलरचे, संडासात पाण्याऐवजी भुसा आणि आंघोळीला झाडाला टांगलेली वीस लिटरची पिशवी. मॅनेजर बाईंनी पाणी कसं जपावं यावर लांबलचक भाषण दिलं. काकूंनी बॅगेतून तांब्या काढला, साधी बादली मागून घेतली आणि निम्मं पाणी परत पाठवलं. "सांग त्यांना, भाषण देऊन दमल्या असतील, उरलेल्या पाण्यात पाय शेका म्हणावं." हे मी अर्थातच सांगितलं नाही.

घोडं अडलं ते एका नियमापाशी. अंधार पडला की एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. दारात उभं राहून बॅटरी दोनदा मारायची, मग रखवालदार न्यायला येतो. पहिल्याच संध्याकाळी काकू छत्री टेकत एकट्या जेवायला हजर! मॅनेजर बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, देअर आर बफेलोज!"

"सो व्हॉट? आय मिल्क्ड बफेलोज. एव्हरी मॉर्निंग."

पुन्हा असं केलंत तर सरळ नैरोबीला परत पाठवू, असं बाईंनी बजावलं. म्हणजे पैजही गेली आणि घरही.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी बॅटरी मारली. डॅनियल नावाचा उंच रखवालदार आला. "नो हँड," काकूंनी आधीच सांगून टाकलं. "नो हँड, मामा," तो म्हणाला. तिकडे आईला मामा म्हणतात. मग तो दोन पावलं पुढे चालू लागला.

तिसऱ्या दिवसापासून काकू एकदम विसरभोळ्या झाल्या. जेवायला आल्या की चष्मा तंबूत राहायचा, चष्मा आणला की गोळ्या राहायच्या. दर खेपेला डॅनियल सोबत. गुडघ्याच्या ऑपरेशनची साद्यंत हकीकत त्या त्याला ऐकवायच्या, आणि तो बिचारा ऐकायचा. तंबूत सोडलं की तो बाहेरून विचारायचा, "यू आर इनसाइड, मामा?" आणि काकू ठणकावून सांगायच्या, "इनसाइड!"

शेजारच्या तंबूत मला उगीचच भरून यायचं. घरी पोचल्यावर पोचलीस का, असं मला तरी कोण विचारतं?

आठ दिवस पुरे झाले. हीथ्रोवर नितीनने हात टेकले. "ओके आई, यू विन." काकूंनी आपली ट्रॉली आपणच ढकलली आणि घराचा विषय मिटला.

नोव्हेंबरात इथे साडेचारलाच काळोख होतो. एके दिवशी मी घरून काम करत होते, तेवढ्यात समोरच्या दारात उजेड दोनदा लुकलुकला. फ्यूज उडाला असेल म्हणून धावत गेले. काकू कोट-टोपी चढवून, बॅटरी घेऊन उंबऱ्यात उभ्या.

"दूध आणायचंय. कोपऱ्यावरून."

"चला की." सवयीने माझा हात पुढे झाला.

"हात नको."

मी हात खिशात घातले आणि दोन पावलं पुढे चालू लागले. जाता-येता मला गुडघ्याची हकीकत पुन्हा पहिल्यापासून ऐकायला मिळाली.

परत आल्यावर दूध ठेवायला मी त्यांचा फ्रिज उघडला. आत दुधाच्या दोन बाटल्या होत्या, एकीचं तर सीलही फोडलेलं नव्हतं. मी तिसरी त्यांच्या शेजारी ठेवली. बाहेर आले, दार लागल्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, "काकू, इनसाइड?"

"इनसाइड!" आतून खणखणीत उत्तर आलं. मग जरा थांबून, "वृंदा, उद्या साखर संपणार आहे गं. साडेचारच्या सुमारास."