मुकुंदरावांनी केलेलं विसर्जन

सून बाल्कनीत फुलं, पानं आणि काटक्या साठवते म्हणून मुकुंदरावांचं तोंड महिनाभर वाकडं होतं. श्रुती पुण्याची, नोकरी सॉफ्टवेअरमधली आणि नाद तलावाकाठी शिल्पं करण्याचा. तीही वाऱ्यापाण्यानं आपोआप मोडून जाणारी. "मोडणारच असेल तर करायचं कशाला?" असं विचारून मुकुंदरावांनी तो विषय कधीच संपवला होता. रविवारी आठ वाजता तिचं पहिलं शिल्प बघायला कला महाविद्यालयातले लोक येणार, हे तिनं सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते.

रविवारी ते नेहमीप्रमाणे फिरायला तलावावर गेले. बतुकम्मा, म्हणजे फुलांचे थर रचून ते देवी म्हणून पुजायचे आणि पाण्यात सोडायचे हा तेलंगणातला सण, होऊन दोनच दिवस झाले होते. काठाला तरवड, झेंडू आणि कुर्डूची फुलं गोल थरांत रचलेली दिसली, चांगली कमरेएवढी. बतुकम्मा पाण्यात न सोडता टाकून जाणं बरं नव्हे, हे तीन पिढ्यांच्या हैदराबादी माणसाला कुणी सांगायला नको. त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि एकेक थर भक्तिभावानं पाण्यात सोडला.

घरी येऊन त्यांनी हे पुण्य बायकोला, वासंतीबाईंना ऐकवलं. त्यांनी गॅस बंद केला.

"अहो, तरवड नि झेंडू काल रात्रीपर्यंत आपल्या बाल्कनीत होते. बादल्यांत."

दोघं रिक्षानं तलावावर पोहोचले तेव्हा पहाटे शिल्प रचून पाहुण्यांना आणायला गेलेली श्रुती मोकळ्या चिखलाकडे बघत उभी होती, शेजारी तीन पाहुणे. आपल्याला कुणी पाहिलं नाही, हे मुकुंदरावांच्या लक्षात आलं आणि त्यांची जीभ घसरली. पोरांनी मोडलं असेल, असं ते म्हणाले.

"कळेलच, बाबा," श्रुती म्हणाली. शिल्प कसं विरत जातं ते टिपायला तिनं मोबाईल झाडाला बांधून ठेवला होता.

सहाही जण त्या मोबाईलवर वाकले. गुडघाभर पाण्यात हात जोडलेले मुकुंदराव दिसले, आवाजही स्वच्छ आला. "आई, कुण्या आळशी बाईनं तुला असं टाकलं की. तिला माफ कर. आणि आमच्या सुनेला सुबुद्धी दे, सुट्टीला तरी घरात बसू दे तिला."

धरणीनं पोटात घ्यावं असं मुकुंदरावांना झालं. श्रुती रडली असती तर बरं वाटलं असतं, पण तिनं मोबाईल पुन्हा झाडाला बांधला.

"चूक झाली, बेटा," ते कसेबसे म्हणाले. "खोटंही बोललो. तू काय करतेस ते कधी ऐकूनच घेतलं नाही मी."

पाहुण्यांनी संध्याकाळी पुन्हा येतो म्हटलं. मुकुंदरावांनी पँट दुमडली आणि ते फुलं वेचायला पाण्यात उतरले. दुपारपर्यंत श्रुतीच्या हाताखाली दोन थर लागले. तेवढ्यात त्यांच्या रोजच्या फिरण्यातले सोबती नामदेवराव तिथून चालले होते. थबकून त्यांनी चपला काढल्या आणि ते हात जोडून पुढे सरसावले.

"हात नक्को लावू," मुकुंदराव आडवे आले. "आमच्या सुनेनं केलंय. ते आपोआप मोडतं."

"मोडणारच असेल तर करायचं कशाला?" नामदेवरावांनी विचारलं.

श्रुतीनं मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं. मुकुंदराव खाली बसले आणि झेंडू लावू लागले.