ओव्हाळकाका आणि लांबच्या गोष्टी

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत काळजी करायला ओव्हाळकाकांची बंदी होती. पेपरात काहीही येवो, हिमनद्या वितळोत नाहीतर समुद्र चढो, काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "लांबचं आहे हो ते." खडकवासल्याचं पाणी तळाला गेलं, नळ दिवसाआड आला, तरी तेच. एवढं सगळं लांबचं असायला हा माणूस राहतो तरी कुठे, असं मला वाटायचं.

जवळचा एकच, त्यांचा मुलगा मिलिंद. तो कॉम्प्युटर शिकला, कंपनीने त्याला कॅनडात धाडलं, आणि काकांच्या लेखी कॅनडा कात्रजच्या अलीकडे आला. तिकडे बर्फ पडला की इकडे भर मार्चात काका मफलर गुंडाळून पायरीवर बसायचे. आज तिथे फार गारठा आहे म्हणे! बोला आता.

तेवढ्यात घरोघरी गाड्या आल्या आणि पार्किंगवरून मारामाऱ्या सुरू झाल्या. काकांचं घर तळमजल्यावर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक करंज होता, चांगला डेरेदार. मीटिंगमध्ये काकाच उठून म्हणाले, करंज पाडा, मिलिंद परत आला की तिथे त्याची गाडी लागेल. काकू हळूच म्हणाल्या, अहो, ओट्यावर ऊन येईल. मीही भांडले, दरवर्षी उन्हाळा वाढतोय म्हटलं. काका नुसते हसले. लांबचं आहे हो ते.

करंज गेला. पांढरे पट्टे आले, भिंतीवर मिलिंदचं नाव आलं. काका रोज सकाळी ती रिकामी जागा झाडायचे. कुणी घटकाभर स्कूटर टेकवली तरी हाकलायचे. गाडी मात्र आली नाही. मिलिंदने तिकडेच घर घेतलं. काकांनी सोसायटीभर पेढे वाटले, पण नेहमीसारखे कुणाकडे बसले नाहीत.

यंदा मे महिन्यात काकू पोळ्या करता करता चक्कर येऊन पडल्या. त्यानंतर चार दिवसांनी मी भाजी घेऊन येत होते. ऊन नुसतं भाजत होतं. बघते तर काका त्या पट्ट्यांमध्ये उभे, खिडकीवर मोठी काळी छत्री धरून. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. मी चेष्टेने विचारलं, काका, पाऊस कुठाय?

"पोळ्या होईस्तोवर धरतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच बोलले, "झाड जवळ होतं हो. पोरगा लांब होता. मी उलटंच धरून चाललो."

मला फार वाईट वाटलं.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, दोनच राहिल्यात. या आता आत."

काकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"तू लाट सावकाश," ते म्हणाले. "मी आहे इथे."