गायकवाडांचा गॅस

"चहा घ्या. पण गॅस आमच्या संडासाचा आहे, बरं का!"

पाहुण्याला 'बसा' म्हणायच्या आधी हे ऐकवणारा माणूस अख्ख्या नाशिकरोडला एकच. गायकवाड. त्याचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अजून फिरतं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो कोळशाच्या पट्ट्यावर नोकरीला. दिवसभर भट्टीला कोळसा पुरवायचा आणि घरी येऊन त्याच कोळशाला शिव्या घालायच्या. परसात दोन म्हशी, पलीकडे संडास. दोन्हींचा माल एकाच खड्ड्यात, वर गॅस धरायला लोखंडी टाकी. ती मी बनवलेली. भंगाराच्या हातगाडीपासून वर्कशॉपपर्यंत मी भांडत आलोय. पण या माणसाने घासाघीसच केली नाही. नुसता पत्रा ठोकून पाहिला. सौद्याची सगळी मजा घालवली.

"शेठ, एका धुराड्याच्या खर्चात जिल्हाभर अशा टाक्या बसतील. पण पुढाऱ्याला धुराडं लांबून दिसतं, चूल दिसत नाही. त्याला चुलीपाशी आणून बसवायचा. मतं तिथंच असतात!" हे तो न्हाव्यापासून सभापतीपर्यंत सगळ्यांना सांगे.

आणि जमवलं की त्याने! वस्तीतल्या चाळीस घरांना सरकारी खर्चाने गॅस द्यायची योजना मंजुरीला आली. टाक्या माझ्याकडच्या. सभापती आणि मंजुरी देणारे साहेब पाहणीला येणार, तेव्हा मी अक्षरशः हात जोडले. "गायकवाड, आधी चहा पाजा. कप रिकामा झाला की मग सांगा. चहा प्यायलेला माणूस नाही कसं म्हणेल?"

"बघतो," म्हणाला.

निळी ज्योत पाहून साहेब खूष. सभापतींनी स्वतः कॉक फिरवला. संडासाचं अर्जात लिहिलेलं होतं, पण अर्ज वाचतो कोण? कप ओठांपर्यंत गेले आणि हा म्हणतो, "साहेब, गॅस आमच्या संडासाचा आहे, बरं का!"

साहेबांना एकदम उपास आठवला. उपासाला चहा चालतो, हे काय मला ठाऊक नाही? सभापतींना पित्त. भरलेले कप खाली. महिन्याने पत्र आलं: लोकांची मानसिकता अनुकूल नाही, सबब योजना स्थगित. लोकांची म्हणे!

पत्र नाचवत मी त्याच्या घरात शिरलो. "दोन मिनिटं तोंड बंद ठेवता आलं नाही तुम्हाला? चाळीस घरं धुरातच ठेवलीत!"

त्याने पत्र माझ्या हातातून घेऊन नीट घडी घातलं. मग म्हणाला, "मी लहान असताना बाबांनी एका वाटसरूला पाणी दिलं, शेठ. पिऊन झाल्यावर त्यानं आमची जात विचारली. मग आमच्याच दारात घशात बोटं घालून ओकला. बाबा तांब्या धरून उभे. तेव्हापासून मी आधीच सांगतो. नको म्हटलेलं चालतं मला."

टाकी बसवायला मी या घरात आलो, रंगवायला दोनदा आलो. दर वेळी 'घाई आहे' म्हणून निघालो. घाई कधीच नव्हती.

"चहा ठेवा," मी ओरडूनच म्हणालो.

अर्ध्या तालुक्याला ज्योत पेटवून दाखवलेला माणूस. शेगडीपाशी त्याच्या तीन काड्या वाया गेल्या. चौथी मी ओढली.