एक वीत उजवीकडे

"तोकमोकमध्ये बघण्यासारख्या तीनच गोष्टी," नवीन माणूस भेटला की आमचे हे सुरू होतात, "जुना मनोरा, रविवारचा बाजार आणि मी. मनोऱ्याचा शेंडा पडला, बाजार महागला, मी मात्र जसाच्या तसा. माणसाच्या चालीवरून त्याचा धंदा सांगतो, धंद्यावरून गुन्हा, आणि गुन्ह्यावरून त्याच्या सासूचा स्वभाव. गुन्हेगार मला लांबून बघून रस्ता बदलतात."

रस्ता बदलतात हे खरं आहे. गुन्हेगारच असं नाही, सगळेच बदलतात.

ह्यांचं नाव शार्शेन. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा एवढं एकदाच, तुमच्यासाठी. जन्मभर बसस्टँडवर तिकिटं तपासली. विनातिकीट माणूस एकदाच पकडला, तर तो ह्यांच्याच खात्याचा साहेब निघाला. नोकरी गेली आणि घरात गुप्तहेर आला. मी कुलिपा, बायको आणि मदतनीस. मदतनिसाचं काम तसं सोपं असतं. ह्यांनी ठामपणे बोट दाखवलं, की आपण त्याच्या जरा बाजूला बघायचं. चष्मा टीव्हीवर आहे म्हणाले की तो शेजारच्या फ्रिजवर सापडतो. इतकी वर्षं आमचा संसार असाच बिनबोभाट चाललाय.

तर जापारची गोष्ट. जापार आमच्या गल्लीतला वेल्डर. हात दणकट, डोकं साधारण, आणि नेम असा की पार्कातल्या नेमबाजीच्या टपरीवर तो दिसला की टपरीवाला सागिनकाका बक्षिसाची अस्वलं कापडाखाली लपवायचा. लहानपणापासून जिंकलेल्या कापडी अस्वलांनी जापारचं घर भरलंय. त्याची आई पाहुण्यांना टेकायला लोड देत नाही, अस्वल देते.

त्याचं लग्न ठरलं जीदेगुलशी. तोलोन म्हणून आहे ना, शिकारीच्या सामानाचा दुकानदार, त्याची ही धाकटी बहीण. हे लग्न मी जुळवलं. दोन्ही घरांत चहा पिऊन पिऊन माझं पोट बिघडलं होतं, तेव्हा कुठे जमलं. रविवारी लग्नाची मेजवानी, आणि मेजवानीत नवऱ्या मुलाने जांबी पाडायची. म्हणजे उंच खांबाला दोऱ्याने चांदीचं नाणं टांगतात, तो दोरा छऱ्याने तोडायचा. पूर्वी हे धावत्या घोड्यावरून बाणाने करत. जापारला घोडा बसू देत नाही, म्हणून उभ्याने आणि छऱ्याची बंदूक.

बंदूक त्याला एरवीही हवीच होती. बापाच्या बागेत चेरी लाल झाली की साळुंक्यांची पंगत बसते. तेव्हा खांबावरचा नेमही साधेल आणि साळुंक्याही हटतील अशी एक स्वस्तातली बंदूक घ्यायची ठरली. आणि निवडायला सल्लागार म्हणून त्याने कोणाला न्यावं? आमच्या ह्यांना!

तोलोनने गिऱ्हाइकापुढे तीन बंदुका मांडल्या. एक तुर्की, देखणी, पण खिशाला आणि खांद्याला जड. एक चिनी, वर दुर्बीण बसवलेली. एक साधी रशियन, लाकडी दस्त्याची.

"ही चिनी," जापार म्हणाला, "दुर्बीण फुकट मिळतेय."

"फुकटची दुर्बीण चार छऱ्यांत सैल होते बाबा," तोलोन म्हणाला. "मी माझ्या होणाऱ्या मेहुण्याला खोटं सांगणार नाही. रशियन घे. नळी मोडायची, छरा घालायचा, बंद करायची. बिघडण्यासारखं तिच्यात काही नाहीच."

"थांबा!" आमचे हे पुढे झाले. त्यांनी तिन्ही दस्ते बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, कलिंगड वाजवतात तसे. मग हुंगले. मग डोळे मिटून म्हणाले, "रशियन."

"तेच तर मी म्हणालो," तोलोन म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत. मी सिद्ध केलं."

बंदूक घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी बोंब झाली. जापारने कुंपणावर डबा ठेवला आणि छरा मारला, तो डब्याच्या उजवीकडून वीतभर लांब गेला. दुसराही तिथेच. तिसरा शेजारच्या बाईच्या चहाच्या समोवाराला लागला आणि ती जे बोलली ते मी सांगत नाही. बागेत तर आणखी शोभा झाली. साळुंक्यांच्या लवकरच लक्षात आलं की जापार जिथे नेम धरतो ती फांदी सगळ्यात सुरक्षित. सगळ्या तिथे येऊन बसायला लागल्या.

ज्याच्यापुढे अस्वलं थरथरतात त्याला साळुंक्या हसतात म्हटल्यावर जापारचं टाळकं फिरलं. दुकानावर जाऊन चार लोकांत ओरडला, "वाकडी नळी माझ्या गळ्यात मारलीस! मेहुण्यालाही सोडलं नाहीस!"

"माझ्या दुकानात वाकडं काही नसतं," तोलोन म्हणाला. "वाकडं दारातून चालत आलं असेल तर मला माहीत नाही."

"ही भानगड निस्तरल्याशिवाय मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही!"

"आणि मला लुच्चा म्हणणाऱ्याला मी बहीण देणार नाही!"

झालं! मेंढ्या ठरलेल्या, उझगेनहून तांदूळ आलेला, मी शिवलेल्या रजया बांधून ठेवलेल्या, आणि हे दोन बैल पाठ फिरवून बसले. जीदेगुल संध्याकाळी माझ्याकडे आली, म्हणाली, "वहिनी, त्याला बंदूक जास्त की मी?" आणि माझ्या ओढणीला नाक पुसून गेली. माझा जीव तुटला हो. जमवलेलं लग्न मोडलं तर दोन्ही घरं मलाच बोल लावणार, ते वेगळंच.

"घाबरू नकोस," आमचे हे म्हणाले. "प्रकरण मी हातात घेतलंय."

तेव्हा मी खरी घाबरले.

पहिला तर्क असा की नळी वाकडी. ह्यांनी ती मोडून डोळ्याला लावली आणि अर्धा तास आतून आकाश बघितलं. नळी सरळ निघाली, पण डोळ्याभोवती तेलाचं काळं कडं उमटलं, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत निघालं नाही. गल्लीत बातमी पसरली की मी ह्यांना मारलं. काही बायकांनी माझं अभिनंदनही केलं.

दुसरा तर्क लोहचुंबकाचा. "जापार वेल्डर आहे. अंगणात उजव्या हाताला लोखंडाचा ढीग आहे. छरे तिकडे ओढले जातात. किती सोपं!"

"छरे शिशाचे असतात," मी म्हणाले. "शिसं लोखंडाकडे ढुंकूनही बघत नाही."

"कुलिपा, हे अजून लोखंडाला माहीत नसेल."

तिसरा तर्क वाऱ्याचा. त्यासाठी माझे लोकरी मोजे दोरीवर टांगून ते कुठे वळतात याचं निरीक्षण झालं. मोजे कुठेच वळले नाहीत, वाळले मात्र.

मग आला चौथा तर्क, कटकारस्थान. दूधवाल्या ओमुरकानला कधीकाळी जीदेगुल आवडायची म्हणे. त्यानेच रात्रीतून बंदूक बदलली असणार! हे तडक त्याच्या गोठ्यात गेले.

"बुधवारी रात्री कुठे होतास?"

"गाईजवळ. अडली होती ना ती."

"साक्षीदार?"

"वासरू," ओमुरकान म्हणाला. "दादा, आलाच आहात तर जरा ही बादली धरा."

घरी आले ते दोन बाटल्या दूध घेऊन. "निर्दोष आहे," म्हणाले. "दोषी माणूस सायीसकट दूध देत नाही."

शनिवार उजाडला तरी पत्ता नाही. शेवटचा उपाय म्हणून ह्यांनी ठरवलं की नेमबाजाच्या मनात शिरायचं, आणि नेमबाजाचं मन घडलं ते पार्कात. गेलो आम्ही सागिनकाकाच्या टपरीवर. ह्यांनी मोठ्या ऐटीत बंदूक उचलली, पत्र्याच्या बदकावर नेम धरला आणि उडवली. बदक तसंच राहिलं. त्याच्या डावीकडचा ससा पडला. पुन्हा बदक, पुन्हा ससा.

"सशावर चांगला हात आहे," सागिनकाका खुर्चीतून न उठता म्हणाला.

"मी मुद्दाम सशालाच मारतोय," हे म्हणाले. "बदकाला गाफील ठेवतोय."

मी काकाकडे बघितलं. काकाने सूर्यफुलाच्या बियांचं साल थुंकलं आणि उगाच झाडाकडे बघायला लागला. मला काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात हे ओरडले, "उलगडा झाला! दृष्ट लागलीय! जापारच्या बंदुकीला दृष्ट लागलीय! सगळ्यांना अंगणात बोलाव, गुन्हेगाराचं नाव सगळ्यांसमोर सांगतो!"

दुपारी जापारच्या अंगणात सगळे जमले. तोलोन फाटकाबाहेरच हाताची घडी घालून उभा. जापार दुसरीकडे तोंड करून. जीदेगुल थेट केस सजवणारीकडून आलेली, डोकंभर कुरळे करायचे रूळ लावलेले, आणि डोळे रडून लाल. हे मधोमध उभे राहिले, घसा खाकरला.

"या प्रकरणात एक अदृश्य हात आहे," ह्यांनी सुरुवात केली. "तो हात..."

"पुरे हो दादा," जीदेगुल म्हणाली, आणि कोणाला कळायच्या आत बंदूक उचलली, मांडीवर नळी मोडली, छरा घातला, खांद्याला लावली. ठण्ण! डबा कुंपणापलीकडे. दुसरा ठेवला, तोही गेला. साळुंक्या भर्रकन उडाल्या. पहिल्यांदाच.

"बघितलंस?" तोलोन फाटकातून आत आला. "वाकडी म्हणे!"

जापारचं तोंड उघडंच. "पण मग माझं का..."

"तू मार. माझ्यासमोर," जीदेगुल म्हणाली.

त्याने मारला. वीतभर उजवीकडे.

"आता मला सांग, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी तू कुठे धरतोस?"

"म्हणजे काय? सगळे धरतात तिथेच. डब्याच्या उजवीकडे, वीतभर."

तोलोनने हाताची घडी सोडली.

"सगळे म्हणजे कोण?" जीदेगुलने विचारलं.

"सगळेच! म्हणजे, मी. लहानपणापासून. पार्कात तसंच तर लागतं."

मी मागे वळून बघितलं. फुकटचं नाटक बघायला सागिनकाकाही आला होता आणि आता हळूच सटकत होता. मी त्याची बाही धरली. "काका, तुमच्या बंदुका डावीकडे का मारतात?"

"अगं, मग काय सरळ ठेवू?" काका चिडला. "गिऱ्हाइकांना सरळ बंदुका दिल्या तर दर रविवारी अस्वलं वाटत बसेन मी! माशी जराशी वाकवावीच लागते. सगळे चुकतात, हसतात, घरी जातात. हा एकटा पोरगा रोज येऊन येऊन वाकडेपणाच शिकला. त्याला मी काय करू?"

जापार मटकन अंगणातल्या एका अस्वलावर बसला. मग उठला, तोलोनसमोर गेला आणि टोपी काढून म्हणाला, "दादा, जोड्याने मार मला."

"उद्या जावई आहेस. परवा मारतो," तोलोन म्हणाला, आणि दोघांनी अशी मिठी मारली की माझे डोळे भरून आले.

"पण उद्या जांबी आहे," जापारची आई म्हणाली. "एका रात्रीत हा सरळ नेम धरायला कसा शिकणार? अख्ख्या गावासमोर नाक कापलं जाईल!"

आमचे हे म्हणाले, "मी शिकवतो," आणि सगळे एकदम "नको!" म्हणाले.

जीदेगुलने केसांतली एक पिन काढली. जिच्यातून माशी बघतात त्या बंदुकीच्या मागच्या खाचेला एक बारका स्क्रू असतो, तिने पिनेचं टोक त्यात घातलं आणि फिरवायला लागली. खाच डावीकडे सरकली. जापारच्या हातात बंदूक देऊन म्हणाली, "धर, तुझ्या सवयीने."

त्याने धरली, वीतभर उजवीकडे. ठण्ण! डबा गेला.

"त्या स्क्रूचं मी तुला दुकानातच सांगणार होतो," तोलोन पुटपुटला. "पण हे दादा दस्ते हुंगत होते ना, त्यात राहून गेलं."

"अगं, पण बंदूक कशाला वाकडी केलीस?" मी जीदेगुलला विचारलं. "त्यालाच सरळ करायचं."

"माणूस सरळ करायला जन्म जाईल वहिनी," ती म्हणाली. "स्क्रू फिरवायला क्षणभर लागतो. आणि अस्वलं जिंकून आणणारा माणूस मला आहे तसाच आवडतो." आणि रुळांसकट लाजली.

रविवारी जापारने पहिल्याच छऱ्यात दोरा तोडला. नाणं खाली पडलं, बायकांनी बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, उधळले, पोरं ते वेचायला धावली. सागिनकाकाने आहेर म्हणून सगळ्यात मोठं अस्वल दिलं आणि देताना डोळे पुसले. बंदूक आता जापारशिवाय कोणाच्या कामाची नाही. ओमुरकानने एकदा उचलून पाहिली, तर छरा डावीकडच्या आचाऱ्याच्या टोपीतून गेला.

आमचे हे पुलावाच्या तिसऱ्या ताटावर दोन्हीकडच्या व्याह्यांना सांगत होते, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, दोष नजरेचा आहे. दृष्ट म्हणजे तरी काय? नजरच ना!" व्याही मान डोलावत होते. मीही डोलावली. समोर जीदेगुल नवऱ्याच्या ताटात मांस वाढत होती, त्याने दाखवलेला तुकडा सोडून शेजारचा, चांगला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

निघताना अंधार पडला होता, अंगणाबाहेर गाड्यांची गर्दी. ह्यांनी दारात उभं राहून डोळे बारीक केले, हवा हुंगली आणि बोट दाखवलं. "आपली गाडी डावीकडे."

"हो ना," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून उजवीकडे गेले. गाडी तिथेच होती.