अब्दिएलची फिरती सूज

साथीतल्या दारूबंदीत लपवून ठेवलेली बिअरची शेवटची बाटली अब्दिएल सामानिएगोने दाताने उघडली, आणि झाकणाबरोबर पुढचा अर्धा दातही निघून आला. ओपनर स्वयंपाकघरात होता. पण स्वयंपाकघरात त्याची बायको इत्सेलही होती, आणि बाटलीचं तिला कळू द्यायचं नव्हतं. अर्ध्या मिनिटात तिला बाटलीचंही कळलं आणि दाताचंही.

"हसा बघू," ती म्हणाली.

तो हसला नाही.

"बरं, बोला तरी."

"शनिवारी काय करायचं?" अब्दिएल म्हणाला, आणि दाताच्या फटीतून बारीक शिट्टी वाजली.

शनिवारी त्यांच्या मारुकेलचं लग्न होतं. पोरगी राजधानीत, हे दोघं लास ताब्लासला, आणि मधले रस्ते साथीमुळे बंद. न्यायाधीशासमोर सह्या व्हायच्या आणि बाकी वऱ्हाड फोनच्या पडद्यावर. पंगत नाही, ढोल नाही, नाच नाही. पोरीने रडत रडत एकच गोष्ट मागितली होती. "पप्पा, बाकी काही नसलं तरी चालेल, तुमची देसिमा मात्र हवी." दहा दहा ओळींची ती यमकं खड्या आवाजात म्हणावीत तर आमच्या भागात अब्दिएलनेच. त्यात व्याह्यांच्या घरी वकीलच वकील. त्यांच्यासमोर शिट्या मारत उभं राहायचं म्हणजे सात पिढ्यांची शोभा.

गावातले दातांचे दवाखाने बंद होते. आरोग्य केंद्रात डॉक्टर यारिएला तेवढी बसायची, तीही फक्त तातडीच्या रुग्णांसाठी. अब्दिएलने फोन लावला.

"सूज आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"रक्त येतंय? रात्रभर झोप नाही, असं काही?"

"झोप येते हो. पण दिसतं फार वाईट."

"दिसण्याचं साथ संपल्यावर बघू, काका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"तिला सूज हवीय ना? मग देऊ की सूज," इत्सेल म्हणाली. सकाळचा उकडलेला मक्याचा बोयो उरला होता. त्यातला लिंबाएवढा गोळा तिने नीट मळला आणि नवऱ्याच्या डाव्या गालात बसवला. लांब उभं राहून बघितलं, अजून थोडा भर घातला.

"ही लबाडी आहे," अब्दिएल गोळ्याआडून म्हणाला.

"आणि पलंगाखालची बाटली काय होती, तीर्थ?"

त्या दिवसांत पुरुषांनी मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाहेर पडायचं, बायकांनी मधल्या दिवशी, आणि तेही ओळखपत्राचा शेवटचा आकडा सांगेल त्याच दोन तासांत. आज गुरुवार होता. आज नाही जमलं तर संपलंच. मास्क चढवून तो निघाला. मास्क एका बाजूने टम्म फुगला होता.

आरोग्य केंद्राबाहेर सगळ्यांची एकच रांग होती, औषधं नेणाऱ्यांची आणि दातवाल्यांचीही. दातवाले दोघंच. पुढे टोप्या विणणारे सेनोबियोबाबा, जबडा रुमालाने बांधलेला, आणि त्यांच्यामागे अब्दिएल. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलेला चिचो न्हावी त्याच्या पाठीमागे होता. एका माणसाचं झालं की खोली उघडी टाकून तासभर हवा खेळवायची, असा डॉक्टरणीचा नियम. त्यामुळे या दोन तासांत एकाच दाताचा नंबर लागणार होता. हे अब्दिएलला तिथे पोचल्यावर कळलं. तेव्हाच परत फिरायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे मारुकेल आली आणि पाय हलले नाहीत.

ऊन चढलं. तोंडातला बोयो मऊ होऊन घशाकडे निघाला. अब्दिएलने जिभेने तो सावरला, लोटला, पुन्हा नीट बसवला.

"अब्दिएलभाऊ," मागून चिचो म्हणाला, "मघाशी सूज डावीकडे होती ना?"

अब्दिएलने मास्कवरून गाल चाचपला. गोळा उजव्या गालात जाऊन बसला होता.

सेनोबियोबाबांनी वळून त्याच्याकडे बारकाईने पाहिलं.

"पसरली," ते गंभीरपणे म्हणाले. "माझ्या मावसभावाला असंच झालं होतं. इकडची तिकडे गेली, आणि मग आम्ही त्याला पोचवूनच आलो."

रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. बाबांनी अब्दिएलला दंडाला धरलं, साथीत कोणी कोणाला हात लावत नसे तरीही.

"जा बाबा, तू आधी जा. माझं गळू आहेच गेले आठ दिवस. त्याला काय, मला त्याची सवय झालीय."

"नको, नको, तुम्हीच जा," अब्दिएल म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला. पण बोयोमुळे शब्दच फुटेनात.

"बघा, वाचा पण गेली," चिचो म्हणाला, आणि चारचौघांनी मिळून त्याला दारातून आत ढकललं. त्या गडबडीत सूज पोटात गेली.

आत डॉक्टर यारिएला डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली उभी होती.

"सूज कुठाय, काका?"

"उतरली," अब्दिएल म्हणाला.

"अशी कशी उतरेल? तुमच्यासाठी बाहेर त्या म्हाताऱ्या माणसाने नंबर सोडला. कुठला दात?"

खरं सांगायची हीच वेळ होती. खिडकीतून सेनोबियोबाबा दिसत होते. पायरीवर बसून त्यांनी जबडा तळहातात धरला होता आणि ते हळूहळू मागेपुढे झुलत होते. खरं सांगितलं असतं तर डॉक्टरणीने त्याला चारचौघांत फाडून खाल्लं असतं आणि म्हातारा आत आला असता. एवढीच किंमत होती. पण अब्दिएलची मान शरमेने इतकी खाली गेली होती की वर येईना. त्याने मागच्या एका दाढेवर बोट ठेवलं.

"कीड तर दिसत नाही," डॉक्टरीण आरशाने बघत म्हणाली. "पण बाहेर म्हणतात तशी सूज इतकी फिरती असेल तर मुळाशी पू असणार. एक्स-रे बंद आहे. धोका नको, काढून टाकते."

अब्दिएलने तोंड उघडलं, ते बोलायला. तिने त्यात इंजेक्शन दिलं.

दाढ चांगली होती, मजबूत होती. निघता निघत नव्हती. अखेर निघाली तेव्हा अब्दिएलने कापसाच्या बोळ्याआडून पुढच्या तुटक्या दाताकडे बोट केलं.

"तो? तो शोभेचा," डॉक्टरीण म्हणाली. "तो साथ संपल्यावर. आणि तीन दिवस बोलायचं नाही, टाका तुटेल."

म्हणजे शनिवारची देसिमाही गेली.

तो बाहेर आला तेव्हा परिचारिका बाबांना समजावत होती. आजचं काम संपलं. उद्या बायकांचा दिवस. शनिवारी डॉक्टर नसतात. म्हणजे आता मंगळवारीच या.

"असू दे, असू दे," बाबा म्हणाले, पण उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

अब्दिएलला राहवेना. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. इंजेक्शनच्या बधिरपणाने ओठ नव्हते, जीभ नव्हती, अर्धा चेहराच नव्हता. "अंऽऽ ओऽऽ," तो म्हणाला. गालाकडे बोट केलं, नाही नाही अशी मान हलवली, स्वतःचे दोन्ही कान पकडले, मग बाबांपुढे हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेही खरं होतं.

सेनोबियोबाबांनी त्याचे जोडलेले हात खाली केले.

"अरे, आभार कसले मानतोस वेड्या," ते म्हणाले.

चिचोने टाळी वाजवली. तेव्हा रोज संध्याकाळी डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायची सवय सगळ्यांना लागली होती, त्यामुळे अख्खी रांग टाळ्या वाजवू लागली. दारात येऊन डॉक्टर यारिएलाही हातमोज्यांनी टाळ्या वाजवू लागली. अब्दिएल मधोमध उभा राहिला. फोनवर दोन शब्द लिहून दाखवता आले असते, हे त्याला सुचलं. खिशाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. बोलायची बंदी आहे या विचाराने त्याला आतून हायसं वाटलं होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

बाबांनी रुमालाची गाठ घट्ट केली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्या जागी तू असतास तर तूही हेच केलं असतंस," ते म्हणाले.

अब्दिएलने हो म्हणून मान डोलावली.